बाप्तिस्मा आणि त्यानंतरचा दिवस

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. अमका मनुष्य केव्हा बाटला, हा पहिला प्रश्न. आणि कशाच्या लोभाने बाटला, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाली, किंवा मिळाली असे वाटले, की आपली जिज्ञासा संपते. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केले, पाणी कोणाच्या घागरीतले प्याले, प्रार्थना कोणत्या भाषेत केली, घरातल्या माणसांना तोंड कसे दाखविले, आणि दहा वर्षांनी त्याच्या श्रद्धेचे काय झाले, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. वस्तुतः इतिहास तेथेच सुरू होतो. म्हणून आज बाप्तिस्म्याविषयी बोलताना त्या एका दिवसापेक्षा त्याच्यानंतर आलेल्या दिवसांकडे आपले लक्ष वेधावे, असा माझा विचार आहे.

'बाटणे' हा आपला शब्दच पाहा. परक्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत पाणी प्याले आणि गाव बाटले, अशा कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या खऱ्या किती आणि कल्पित किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्यांतून दिसणारी समजूत मात्र विचार करण्याजोगी आहे. माणसाच्या मनाला न विचारता, त्याच्या नकळत, एका घोटाने त्याचा धर्म जाऊ शकतो, अशी ती समजूत होय. आता गंमत अशी की बाप्तिस्म्याच्या मूळ कल्पनेत याच्या नेमके उलट सांगितलेले आहे.

बाप्तिस्मा हा शब्द ग्रीक भाषेतून आलेला आहे. पाण्यात बुडविणे हा त्याचा मूळ अर्थ. यार्देन नदीच्या तीरावर योहान लोकांना पश्चात्ताप करावयास सांगून पाण्यात स्नान घालीत असे, आणि स्वतः येशूनेही त्याच्या हातून हे स्नान घेतले, असे शुभवर्तमानांत सांगितले आहे. पुढे संत पौलाने त्याला खोल अर्थ दिला. पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या माणसाने मरणे आणि पाण्यातून वर येणे म्हणजे नव्या माणसाने उठणे. आता पंथापंथांत रीती निरनिराळ्या आहेत. कोणी नवजात बालकाच्या मस्तकावर पाणी ओततात आणि त्याच्या वतीने धर्मपिता व धर्ममाता वचन देतात. कोणी जाणत्या वयाच्या माणसालाच, त्याने स्वतः मागितल्यावर, पाण्यात बुडवितात. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने हा विधी एकदाच होतो आणि तो पुन्हा करावयाचा नसतो, याविषयी बहुतेकांचे एकमत आहे.

विधी एकदाच व्हावयाचा, पण त्याने जन्माला येणारा नवा मनुष्य रोज वाढावयाचा, हा पेच ख्रिस्ती धर्माला आरंभापासून जाणवत आलेला आहे. जुन्या मंडळीत बाप्तिस्मा मागणाऱ्याला तो लगेच देत नसत. कित्येक ठिकाणी तीन तीन वर्षे त्याला शिकवीत आणि त्याची वागणूक पाहत. उलट काही लोक स्वतःच तो लांबणीवर टाकीत, कारण त्यानंतर केलेल्या पापाचे काय, ही धास्ती. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन याने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला, पण स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, मृत्युशय्येवर! संत ऑगस्टीनने ३८७ साली मिलान येथे बाप्तिस्मा घेतला आणि दहा वर्षांनी आपले आत्मनिवेदन लिहावयास घेतले. त्यात बाप्तिस्म्यानंतरही स्वतःच्या मनाशी चाललेली झुंज त्याने मोकळेपणाने सांगितली आहे. सारांश, पाण्याने काम संपते असे त्या धर्माच्या थोर पुरुषांनीही कधी मानले नाही.

आता हा प्रश्न आपल्या अंगणात कसा आला ते पाहू. त्यासाठी फार लांब जावयास नको. पेण, नागोठणे, निडी करीत आगगाडी रोह्यास येते. त्या रोह्यावरून वाहणारी आपली कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. या मुखावरच पोर्तुगीजांचे चौल होते. १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने त्यांनी तेथे किल्ला बांधावयास घेतला; पुढे तटाच्या आत चर्चे आणि मठ उभे राहिले. आज रेवदंड्यास माडांच्या बनात जो उंच मनोरा उभा आहे आणि ज्याला लोक सातखणी म्हणतात, तो त्याच काळाचा अवशेष आहे. खाडीच्या पलीकडे कोर्लईच्या डोंगराखाली आजही ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलाच्या छायेत बाप्तिस्मा पावले. त्यांपैकी कोणी मनापासून, कोणी धन्याच्या मर्जीसाठी, कोणी पोटासाठी आले असेल. राजसत्तेच्या छायेत झालेल्या धर्मांतराविषयी जी शंका घ्यावयाची, ती येथेही घेता येईल.

पण पुढची गोष्ट ऐका. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० मध्ये चौलही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले. तटाच्या आतली चर्चे ओस पडली, छपरे कोसळली, भिंतींवर पिंपळ रुजले. सत्ता गेली, तिच्याबरोबर लाभही गेला. पेशव्यांच्या राज्यात ख्रिस्ती राहून कोणाला इनाम मिळण्याजोगे नव्हते. केवळ लोभासाठी पत्करलेला धर्म असता तर तो टाकावयास याहून चांगली वेळ कोणती होती? कोर्लईच्या डोंगराखालच्या माणसांनी तो टाकला नाही. त्यांनी आपली प्रार्थना ठेवली, सण ठेवले, आणि एक नवलाची गोष्ट ठेवली, ती म्हणजे आपली बोली. या बोलीतले शब्द पोर्तुगीज कुळीचे आहेत, पण अडीच शतकांहून अधिक काळ मराठीच्या शेजारात राहून वाक्याची घडण मराठीकडे झुकली आहे. क्रियापद आपल्यासारखे शेवटी येते. भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत. ती बोलणारी माणसे हजाराच्या आसपास असतील. स्वतः ती माणसे तिला 'आमची भाषा' याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. बाप्तिस्मा देणारा राजा असू शकतो. श्रद्धा टिकविणारा मात्र राजा नसतो. ती आईच्या तोंडच्या शब्दांत, संध्याकाळच्या प्रार्थनेत, मेलेल्या माणसाला मूठमाती देताना म्हटलेल्या बोलांत टिकते. जेथे ती या रोजच्या गोष्टींत उतरली, तेथे तिने राज्यांनाही मागे टाकले.

मात्र राजाच्या हातच्या बाप्तिस्म्याची दुसरी, कडू बाजू झाकून ठेवणे इतिहासकाराला शोभणार नाही. ती पाहावयाची तर कुंडलिकेचे मुख सोडून किनाऱ्याने दक्षिणेस गोव्यात गेले पाहिजे. तेथे सोळाव्या शतकात धर्म आणि तलवार यांची गाठ पडली. हिंदूंची अनाथ मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याचा कायदा १५५९ साली झाला. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे मोडण्यात आली. किती तरी कुटुंबे देव डोक्यावर घेऊन खाडीपलीकडे गेली. जी मागे राहिली, त्यांतल्या पुष्कळांच्या मस्तकावर पाणी पडले. त्यांच्या मनाचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर एका इंग्रज पाद्र्याच्या ग्रंथात सापडते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टीतल्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. मराठी अक्षरांचे खिळे नव्हते म्हणून ती मराठी रोमन लिपीत छापावी लागली. हे पुराण का रचले, याचे कारण ग्रंथातच एका नव्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडून आले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरी काही द्या. श्रोतेहो, हे मागणे फार मोलाचे आहे. या माणसाचा बाप्तिस्मा होऊन गेलेला आहे. प्रश्नोत्तरी त्याला पाठ आहे. तरी त्याचे मन रिते आहे, कारण संध्याकाळी दिव्याशी बसून ऐकावे, डोलावे, डोळे पुसावे असे त्याच्याजवळ काही उरलेले नाही. त्याला ओवी हवी आहे. स्टीफन्स यांची थोरवी ही, की त्यांनी ते मागणे ऐकले, आणि परक्या छंदाचे ओझे लोकांवर न लादता आपणच ज्ञानेश्वरांच्या ओवीच्या शाळेत जाऊन बसले.

पुढच्या राज्यकर्त्यांना ही दृष्टी नव्हती. १६८४ मध्ये विजरईने लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. माणसाचा देव बदलणे त्यांना पुरेसे वाटले नाही. त्याची जीभही बदलावयाची होती. कोर्लईला जे लोकांच्या जिभेवर आपोआप रुजले, ते हुकुमाने रुजविण्याचा हा यत्न होता.

आता मुंबईस येऊ. इंग्रजी अमलात चित्र बदलले होते. १८१३ साली अमेरिकन मिशनचे लोक मुंबईस आले. त्यांच्या पाठोपाठ स्कॉटिश मिशन आले. शाळा निघाल्या, छापखाने आले, १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' पत्र सुरू झाले. येथे तलवार नव्हती, पण वादविवाद होता, पुस्तक होते, आणि एक नवी गोष्ट होती, ती म्हणजे न्यायालय. १८३९ च्या मे महिन्यात डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सारी मुंबई खवळली आणि प्रकरण कोर्टात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांपाशी राहावयास गेला होता. तो वयाने लहान, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले.

मुलगा घरी आला आणि खरा प्रश्न उभा राहिला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण ख्रिस्ती लोकांत त्याचे जेवणखाण झाले होते. आता याला पंक्तीला घ्यावयाचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून कंबर बांधली आणि त्यापायी स्वजातीचा रोष पत्करला. या प्रकरणात मुलाच्या मनात कोणता देव आहे याची चौकशी फारशी कोणी केली नाही. त्याच्या पोटात कोणाचे अन्न गेले याची मात्र कसून चौकशी झाली. आपल्या समाजात विचाराला मुभा होती. माणूस नास्तिक असला तरी चाले. दंड होता तो आचाराला, आणि तोही चारचौघांसमक्ष केलेल्या आचाराला.

म्हणूनच त्या काळच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मुंबईत परमहंस सभा म्हणून एक गुप्त मंडळी होती. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान तिच्यात होते. जातिभेद मोडावा, देव एक मानावा, असे त्यांचे मत. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे आणि अन्य जातीच्या हातचे पाणी प्यावे लागे. परंतु दार लावून! पुढे १८६० च्या सुमारास सभेची नावे फुटली आणि सभा मोडली. याच सभेत जाणारा बेळगावचा एक कासार तरुण, बाबा पदमनजी, याने १८५४ च्या सप्टेंबरात बेळगावास उघडपणे बाप्तिस्मा घेतला. सभेतला पाव आणि बाप्तिस्म्याचे पाणी, दोन्ही जातीच्या दृष्टीने सारखीच बाटविणारी. फरक एवढाच की एक दाराआड होते आणि दुसरे चारचौघांत. बाप्तिस्म्याची धग होती ती या उघडेपणात.

परंतु बाबा पदमनजींची खरी ओळख त्या दिवसाने होत नाही. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले 'अरुणोदय'. वीज चमकली असे त्यांनी म्हटले नाही. पहाट झाली असे म्हटले. शाळेतले वाचन, मनातली शंका, घरच्यांची भीती, पुन्हा वाचन, पुन्हा माघार, अशा क्रमाने झुंजूमुंजू होत गेलेल्या मनाची ती कथा आहे. आणि सूर्य उगवल्यावर दिवसभराचे काम असतेच. बाप्तिस्म्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ, १९०६ साली देह ठेवीपर्यंत, त्यांनी लिहिले. १८५७ साली आलेले त्यांचे 'यमुनापर्यटन' मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेकजण मानतात, आणि तिचा विषय काय, तर हिंदू विधवांचे दुःख. ज्या समाजाने त्यांना बाहेर ठेवले, त्याच समाजाच्या लेकीबाळींसाठी त्यांची लेखणी झरली.

सरकारने १८५० साली कायदा करून धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८६६ साली आणखी एक कायदा झाला. धर्म बदलल्यामुळे नांदावयास नकार देणाऱ्या जोडीदाराशी झालेला विवाह मोडून घेण्याची सोय त्यात होती. घर, शेत, लग्न, सर्वांची तजवीज कायद्याने केली. परंतु एका ताटात जेवणाऱ्या दोन माणसांमध्ये उभी राहिलेली भिंत पाडणारा कायदा कोणत्या सरकारने करावा?

ती भिंत किती उंच होती हे पाहावयाचे तर पुण्यातला चहा आठवा. ज्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ज्यांच्या पुण्याईने आपण गावोगाव असे उत्सव भरवितो, तेच रानडे १८९० साली इतर प्रतिष्ठितांबरोबर पंचहौद मिशनमध्ये गेले. लोकमान्य टिळकही होते. पुढे चहा ठेवण्यात आला. कोणी प्याले, कोणी नुसता हातात घेतला. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि शेवटी रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पेलाभर चहाची ही कथा, तर मग पाण्याने न्हालेल्या माणसाच्या घरात काय झाले असेल, याची कल्पना करावी.

आता दोन स्त्रियांकडे वळतो. नित्याच्या श्रद्धेची परीक्षा पुरुषांच्या सभेत होत नाही, ती स्वयंपाकघरात होते. म्हणून त्यांची साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ उडाला. पण इकडच्या लोकांना ठाऊक नव्हते ते हे, की तिकडच्या मठवासिनीही बाईंवर फारशा संतुष्ट नव्हत्या. बाई मांसाहार करावयास तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन शब्द कोरण्यापेक्षा संस्कृत शब्द का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. मला जे विवेकाला पटेल तेच मी मानीन, पाद्री सांगतात म्हणून मानणार नाही, असा त्यांचा पत्रांतला सूर आहे. पुण्याच्या शास्त्र्यांना त्या फार बदललेल्या वाटल्या, आणि इंग्लंडच्या साध्वींना पुरेशा न बदललेल्या! स्वतः बाईंची साक्ष तर याहून पुढची आहे. १९०७ साली लिहिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

त्या मधल्या आणि पुढल्या काळात बाईंनी काय केले? १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा पगडा बसतो असा आक्षेप आला आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रयाला आलेल्या मुलीच्या मनावर आश्रयदात्याच्या श्रद्धेचे दडपण येते काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि आजही कोणत्याही धर्माच्या अनाथाश्रमाला तो विचारावाच लागेल. तथापि त्याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि मरणाच्या दारातून शेकडो मुलीबाळींना घेऊन आल्या. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. विहिरी खणल्या, माग लागले, छापखाना आला आणि तो बायकाच चालवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक मूळ समोर ठेवून साध्या बाईला समजेल अशा मराठीत सारे बायबल उतरविण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षे केले आणि ते हातावेगळे करून १९२२ साली डोळे मिटले. त्यांचा बाप्तिस्मा एका सकाळचा. ही मजुरी एकोणचाळीस वर्षांची.

दुसरी स्त्री लक्ष्मीबाई टिळक. पती नारायण वामन टिळक, दापोली तालुक्यातील करजगावचे, म्हणजे आपल्या कोकणचेच. कवी, कीर्तनकार, वृत्तीने अस्थिर आणि मनाने निर्मळ. १८९३ च्या सुमारास आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका क्षणात टिळक नवे झाले, आणि त्याच क्षणी लक्ष्मीबाईंचे कुंकू असून नसल्यासारखे झाले. त्या आप्तांच्या आधाराने राहिल्या; काही काळ पंढरपुरास काढला. मघाशी सांगितलेला १८६६ चा कायदा टिळकांना उपलब्ध होता. त्यांनी तो वापरला नाही. ते वाट पाहत राहिले, पत्रे लिहीत राहिले.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन नवऱ्याकडे आल्या, त्या आपला धर्म सांभाळूनच. सोवळे वेगळे, चूल वेगळी, पाणी वेगळे. घरधनी ख्रिस्ती आणि घरधनीण हिंदू, असा तो संसार. टिळक उतावळ्या स्वभावाचे असूनही या एका बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. मग लक्ष्मीबाईंचे मन पालटले कसे? उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला. पशुपक्ष्यांत देवाने केलेले भेद दिसतात तसे माणसामाणसांत दिसत नाहीत, हे त्यांच्या बुद्धीला पटले. आणि एकदा पटल्यावर त्यांनी अन्नपाण्याचा भेद सोडून दिला. बाप्तिस्मा त्याच्यानंतर, नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. म्हणजे येथे क्रम उलटा आहे. टिळकांना आधी पाणी आणि मग वाढ. लक्ष्मीबाईंची वाढ आधी चुलीपाशी झाली आणि पाणी मागाहून आले. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. इतक्या फाटलेल्या संसाराची कथा, पण तिच्यात कडवटपणाचा थेंब नाही, हा मला त्यांच्या श्रद्धेचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

टिळकांचे तरी पाहा. बाप्तिस्म्याबरोबर त्यांनी मराठीपण सोडले नाही. उलट ते अधिक घट्ट धरले. देवळात परक्या चालीची गाणी ऐकून त्यांचा जीव कासावीस होई. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, ख्रिस्ती कीर्तने उभी केली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. तीनशे वर्षांपूर्वी साष्टीतल्या त्या नवख्रिस्त्याने मागितलेली ओवी आता खुद्द मराठी माणसाच्या हातून मिळू लागली. बालकवी ठोंबरे काही काळ टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले, बाप्तिस्मा न घेता. त्यांच्यावरचे लक्ष्मीबाईंचे प्रेम त्यामुळे उणे झाले नाही.

आणि अखेरीस १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्याचे एक वैशिष्ट्य फार थोड्यांच्या ध्यानात आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र बसावे, अशी त्यांची कल्पना होती. ज्या बाप्तिस्म्यासाठी या माणसाने घर, जात, बायको आणि लौकिक पणाला लावले, त्यानेच बावीस वर्षांनी म्हणावे की ही रेषा माणसांना वेगळे करण्यासाठी ओढलेली नाही! त्यांनी बाप्तिस्म्याची किंमत कमी केली असे मला वाटत नाही. ती त्यांनी स्वतः मोजलेली होती. पण तो उंबरठा आहे, घर नव्हे, हे त्यांना उमगले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. दरबार फार काळ टिकला नाही, अभंग टिकले.

श्रोतेहो, या सर्व कथांतून निघणारा बोध साधा आहे. कोर्लईच्या कोळवाड्याशेजारची माणसे असोत, साष्टीतला तो ओवी मागणारा गृहस्थ असो, केडगावच्या बाई असोत की नगरच्या लक्ष्मीबाई असोत, त्यांच्या डोक्यावर पाणी पडले त्या दिवसाचे दप्तर आपल्यापाशी असते. त्या दिवसावर आपण भांडलो, खटले केले, प्रायश्चित्ते दिली. जेथे सक्ती होती तेथे तिला सक्ती म्हणावे, त्यात भीड धरू नये. पण जेथे माणसाने स्वतः पाऊल उचलले, तेथे त्याच्या धर्माचा हिशेब त्या एका तारखेवरून करणे म्हणजे लग्नाच्या मुहूर्तावरून संसाराचा हिशेब करण्यासारखे आहे. मुंजीच्या दिवशी कानात गायत्री सांगितली म्हणून कोणी ब्रह्मज्ञानी होत नाही, आणि गळ्यात माळ पडली म्हणून कोणी लगेच वारकरी होत नाही. माळ घातल्यावर वारी करावी लागते, दर वर्षी, उन्हापावसातून. हे आपल्याला आपल्या धर्माविषयी पुरते ठाऊक आहे. मग शेजाऱ्याच्या धर्माविषयी ते आपण का विसरावे?

आपल्या जिल्ह्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, बेने इस्रायलांची सभास्थाने आहेत, कोर्लईचे ख्रिस्ती आहेत. यांतल्या कोणाच्याही घरी कोणता विधी कोणत्या वर्षी झाला हे विचारून शेजार घडत नाही. तो माणूस मापात पाप करीत नाही ना, दिलेला शब्द पाळतो ना, आजाऱ्याच्या उशाशी जागतो ना, हे पाहून शेजार घडतो. आणि खरे म्हणाल तर बाप्तिस्मा घेणाऱ्याकडून त्याच्या धर्माची अपेक्षाही एवढीच आहे.